घराजवळचं पब-हॉटेल : आईबाबांना न्यावं का?

यारातीरी
मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात आम्ही पाच वर्षं राहतोय. घरापासून चालत दहा मिनिटांवर कोपऱ्यावर एक जुनं दुमजली हॉटेल आहे. खाली बार, मागे बिस्ट्रो (जेवणाची जागा), बाजूला बॉटल शॉप (दारूचं दुकान). सध्या सांगलीहून आईबाबा आले आहेत. बाबा रोज सकाळी फिरायला जाताना त्याच्यावरून जातात आणि दार ढकलून बघतात. बंद असतं. "हॉटेल म्हणायचं आणि सकाळी बंद? मग माणसांनी चहा प्यायचा कुठे?" हा प्रश्न आमच्याकडे तीन आठवडे रोज येतोय.

येत्या रविवारी बाबांना पंचाहत्तर पूर्ण होतायत. मी विचारलं, कुठे जायचं? सिटीतलं एखादं चांगलं भारतीय रेस्टॉरंट मनात होतं. ते म्हणाले, त्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात.

माझी अडचण अशी की चार वर्षांपूर्वी आम्ही तशाच एका पबमध्ये (हे नाही, दुसरं) मुलीला घेऊन गेलो होतो. अर्धा तास टेबलावर बसून राहिलो, कुणी विचारायला आलं नाही. शेवटी नवरा काउंटरवर गेला. मी व्हेज बर्गर मागितला, त्यात बेकन आलं. परत दिला तर पाच मिनिटांत तोच बर्गर बेकन उचलून पुन्हा आला. पावावर चरबीचा डाग तसाच. मी काही न बोलता उठले आणि त्यानंतर पबची पायरी चढले नाही.

आई शुद्ध शाकाहारी आहे. बाबा मासे-अंडी खातात, दारू आयुष्यात घेतलेली नाही. तर अनुभवी लोकांनी सांगा, न्यावं का? नेल्यास काय सांभाळावं?

चिंगी
न्या, बिनधास्त न्या! पंचाहत्तरीला माणसाने मागून मागितलं काय, तर कोपऱ्यावरचं हॉटेल. ते द्यायलाच हवं.

पश्चिमवारा
यारातीरी, अर्धा तास कुणी आलं नाही त्यात अपमान करायचा हेतू नसावा. पबच्या बिस्ट्रोत टेबलावर येऊन ऑर्डर घ्यायची पद्धत बहुतेक ठिकाणी नसते. आपण टेबल धरायचं, त्याचा नंबर लक्षात ठेवायचा, काउंटरवर जाऊन जेवण सांगायचं, तिथेच पैसे द्यायचे. पेयं कित्येकदा बारवरून वेगळी आणायची. कुठे नंबराचा स्टँड देतात, कुठे हातात बझर देतात, तो थरथरला की आपलं ताट आपण आणायचं. हे कुणी सांगत नाही, कारण इथल्या माणसाला ते लहानपणापासून माहीत असतं. आम्हीही पहिल्यांदा असेच बसून राहिलो होतो. शेजारच्या टेबलावरच्या आजीबाई उठून आल्या आणि सौ.ला हाताला धरून काउंटरपर्यंत घेऊन गेल्या.

बेकनची गोष्ट मात्र वेगळी. ती चूक त्यांचीच, आणि बेकन उचलून तोच बर्गर परत पाठवणं हा सरळ अनादर होता. तुम्ही उठलात ते बरोबर केलंत.

एकटा_जीव
माझं मत विरुद्ध आहे आणि ते मी मनापासून मांडतोय. नेऊ नका.

पब-हॉटेल म्हणजे चांगलं जेवण आणि मोकळी हवा, हे अर्धंच चित्र आहे. इथल्या बऱ्याच हॉटेलांत बिस्ट्रोच्या भिंतीपलीकडे पोकीजची, म्हणजे जुगाराच्या यंत्रांची, खोली असते. काचेला काळा कागद, आत घड्याळ नाही, खिडकी नाही. मी विद्यार्थी असताना आम्ही चौघं एका घरात राहायचो. त्यातला एक नागपूरचा मुलगा शुक्रवारी पगार झाला की "पार्मा (चीज घातलेलं तळलेलं चिकन) खाऊन येतो" म्हणून जायचा. सहा महिन्यांनी कळलं की त्याने एका सत्राची फी यंत्रात घातली होती. वडिलांनी शेत गहाण ठेवून पाठवलेले पैसे. तो परत गेला, पदवी न घेता. त्याला विमानतळावर सोडायला मीच गेलो होतो.

वेस्टर्न ऑस्ट्रेलियात पोकीज फक्त पर्थच्या कसिनोत आहेत, तिथल्या पबांत नाहीत, आणि तिथले पब काही बंद पडलेले नाहीत. मग आपल्याकडेच का हवेत? जिथे पोकीज आहेत तिथे मी एक डॉलरही खर्च करत नाही.

कुणाच्या घरात हा त्रास असेल तर १८०० ८५८ ८५८ हा जुगाराच्या व्यसनासाठीचा मोफत मदतीचा नंबर आहे. लाज वाटून घेऊ नका.

मृद्गंधा
एकटा_जीव, तुमच्या मित्राचं वाचून वाईट वाटलं. नंबर दिलात ते फार चांगलं केलंत.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा मोह होतोय. इथे पबला हॉटेल म्हणतात कारण जुन्या परवाना-कायद्यांत दारू विकायची तर वाटसरूला राहायला खोली आणि जेवण देणंही आवश्यक असे. म्हणून पाटीवर हॉटेल, वरच्या मजल्यावर खोल्या. काळ बदलला, खोल्या बंद झाल्या, पाटी राहिली. आपल्याकडे उलटा प्रवास झाला. आपण जिथे मिसळ आणि चहा मिळतो त्यालाच हॉटेल म्हणतो आणि राहायचं असेल तर लॉज शोधतो. म्हणजे खोली नसलेलं हॉटेल ही गोष्ट सांगलीकराला नवीन वाटायला नको!

आणखी एक. त्या इमारतीच्या बाहेरच्या किंवा बारच्या भिंतीला कमरेपर्यंत फरशा आहेत का बघा. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, इथे पब संध्याकाळी सहाला बंद करायचा नियम आला. लोक पाचला कामावरून सुटायचे आणि एका तासात जमेल तेवढी बिअर घशाखाली घालायचे. बार नळीच्या पाण्याने धुऊन काढता यावा म्हणून फरशा सोयीच्या पडत. न्यू साउथ वेल्समध्ये हा नियम १९५५ पर्यंत होता, व्हिक्टोरियात १९६६ पर्यंत. पन्नास वर्षं! दारू कमी व्हावी म्हणून केलेल्या नियमाने लोकांना घाईघाईने प्यायला शिकवलं.

बॉक्सहिलचा_बाळू
आमच्या बाजूला, मेलबर्नच्या पूर्वेला, प्रश्नच मिटला आहे. १९२० साली मतदान घेऊन बॉक्स हिल आणि कॅम्बरवेल दारूबंद झाले, त्यामुळे आमच्या जुन्या वस्तीत कोपऱ्यावरचं पब-हॉटेलच नाही. रेस्टॉरंटमध्ये वाईन मिळते. पण संध्याकाळी सहज जाऊन बसावं अशी जागा नाही, आणि मला ती उणीव जाणवते. मंडळाच्या नाटकाच्या तालमीनंतर आम्ही दहा जण पार्किंगमध्ये उभे राहून गप्पा मारतो, थंडीत कुडकुडत.

अ‍ॅडलेडकर
थोडं अवांतर. मेलबर्नहून अ‍ॅडलेडला बदली झाल्यावर पहिल्या दिवशी "पाइंट" मागितला आणि ४२५ मिलीचा ग्लास आला. मला वाटलं मला नवखा बघून कमी दिलं. तावातावाने विचारलं. बारवाल्या मुलीने शांतपणे समजावलं की मेलबर्न-सिडनीत पाइंट ५७० मिलीचा, आमच्याकडे ४२५ चा. तिकडे ज्याला पॉट म्हणतात त्या २८५ मिलीला आम्ही स्कूनर म्हणतो, आणि सिडनीत स्कूनर म्हणजे ४२५. मोठा हवा तर इम्पीरियल पाइंट म्हणा.

मी माफी मागितली. तिने मला एका टिश्यूवर तक्ता काढून दिला. तो अजून पाकिटात आहे.

चिंगी
@अ‍ॅडलेडकर, आपल्याकडे शेर-पायली गावागणिक बदलायची, तसंच हे. तक्त्याचा फोटो टाका ना.

बंड्या४२
माझा अनुभव सांगतो. १९ नोव्हेंबर २०२३. अहमदाबादला विश्वचषकाची फायनल, आमच्याकडे संध्याकाळी साडेसातला सुरू झाली. घरी मुलं झोपतात, म्हणून मी निळी जर्सी घालून एकटाच लोकल पबमध्ये गेलो. मोठा पडदा, आत पंचवीस-तीस ऑस्ट्रेलियन आणि मी. आपण २४० मध्ये गुंडाळलो तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते, पण कुणी टोमणा मारला नाही. बारच्या टोकाला रोज बसणारे एक पांढऱ्या दाढीचे आजोबा आहेत, त्यांनी शेजारची खुर्ची ओढली.

मग ऑस्ट्रेलियाच्या विकेट जाऊ लागल्या. साडेबाराच्या सुमारास पब बंद करायची वेळ आली तेव्हा ३ बाद ४७. आजोबा म्हणाले, जा बाळा, कप तुमचा झाला, घरी जाऊन शांत झोप. मी आनंदाने घरी गेलो आणि पुढचं सगळं सोफ्यावर बसून बघितलं. ट्रॅव्हिस हेडचे १३७, आणि कप त्यांचा.

पुढच्या शुक्रवारी मी मुद्दाम गेलो. आजोबांनी काही न बोलता माझा पॉट मागवला. दुसरा मी मागवला. इथे याला शाउट म्हणतात, एकाने पाजायचं, मग दुसऱ्याने. फेरी अर्धवट सोडून निघून जाणं फार वाईट समजतात. पीत नसाल तर लेमन-लाइम-बिटर्स (लिंबाचं सरबतासारखं पेय) किंवा नुसता सोडा घ्या, पण आपली पाळी आली की पैसे द्या. लोक त्यावरून माणूस ओळखतात. (बिटर्समध्ये नावापुरती दारू असते, हेही नवीन लोकांनी लक्षात ठेवा.)

सिडनीची_सई
बंड्या, वाचताना त्या रात्रीची जखम पुन्हा उघडली, पण आजोबांना नमस्कार सांगा.

मृद्गंधाने इतिहास काढलाच आहे तर बायकांचा भाग राहायला नको. जुन्या हॉटेलांत अजून कुठेकुठे 'लेडीज लाउंज' अशी काचेवर अक्षरं दिसतात. पब्लिक बारमध्ये बायकांना मज्जाव असे, त्यांनी बाजूच्या दाराने लाउंजमध्ये जायचं. मला लगेच आपल्या हमरस्त्यावरच्या हॉटेलांतली 'फॅमिली रूम' आठवली. बाहेर परमिट रूम पुरुषांची, बायकामुलं आत, पडद्याआड. वडिलांबरोबर लहानपणी कितीदा त्या पडद्यामागे बसून जेवलेय.

ब्रिस्बेनच्या टूवाँग उपनगरात रेगाटा हॉटेल आहे. ३१ मार्च १९६५ ला मर्ल थॉर्नटन आणि रोझाली बॉग्नर या दोघींनी तिथल्या पब्लिक बारमध्ये पाय ठेवायच्या दांड्याला स्वतःला साखळीने बांधून घेतलं. मागणी एवढीच, आम्हालाही इथे ग्लास द्या. क्वीन्सलंडचा कायदा बदलायला आणखी पाच वर्षं गेली. मी ब्रिस्बेनला गेले तेव्हा मुद्दाम तिथे जाऊन बसले, लेकीला बरोबर घेऊन. तिला सांगताना माझाच आवाज कापरा झाला.

तळ्याकाठी
सई, फार छान लिहिलंत. एक जोडते. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिडनी विद्यापीठाचे विद्यार्थी, मूळ रहिवाशांपैकी असलेले त्यांचे नेते चार्ल्स पर्किन्स यांच्याबरोबर बस घेऊन न्यू साउथ वेल्सच्या गावागावांत फिरले, फ्रीडम राइड. वॉलगेटला आरएसएल क्लबबाहेर ते उभे राहिले, कारण देशासाठी युद्धात लढून आलेल्या मूळ रहिवासी, म्हणजे अ‍ॅबोरिजिनल सैनिकांना तो माजी सैनिकांचा क्लब सभासद करून घेत नव्हता. आपण आज सहज दार ढकलून आत जातो, ते दार आधी कुणीतरी उघडलेलं आहे. मी मुलांना हे सांगते.

एकटा_जीव
तळ्याकाठी, हे मला माहीत नव्हतं. धन्यवाद.

पोकीजबद्दलचं मत कायम आहे. पण "नेऊ नका" ऐवजी "पोकीज नसलेलं हॉटेल शोधा" असं म्हणतो. असतात अशी, आणि त्यांना आपण पैसे दिले तर ती टिकतील.

किचनमधून
आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मी शिकत असताना तीन वर्षं एका उपनगरी पबच्या किचनमध्ये होतो, आधी भांडी, मग फ्रायर, शेवटी ग्रिल. आईंसाठी सांगतो ते नीट वाचा.

बटाट्याचे चिप्स शाकाहारी आहेत असं धरून चालू नका. बऱ्याच ठिकाणी एकाच फ्रायरमध्ये श्निट्झेल (पावाच्या चुऱ्यात घोळलेलं मांस), मासे आणि चिप्स तळतात, काही जण तर गाईच्या चरबीत तळतात. "चिप्ससाठी फ्रायर वेगळा आहे का?" एवढंच विचारा. ग्रेव्ही हाडांच्या किंवा मांसाच्या अर्काची असू शकते. भाज्यांच्या सूपला बहुधा चिकन स्टॉक, म्हणजे कोंबडी उकळून काढलेलं पाणी. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही मासा. मेन्यूवर 'व्ही' लिहिलं असलं तरी ते साहित्याबद्दल असतं, तवा-तेल वेगळं आहे असा त्याचा अर्थ नसतो.

चिकन पार्मा (सिडनी-ब्रिस्बेनवाल्यांनो, तुमची पार्मी) मागवणाऱ्यांनीही ऐका. चिकनवर टोमॅटो सॉस आणि चीजच्या मधे इथे हॅमचा काप घालतात. डुकराचं मांस खात नसाल तर ऑर्डर देतानाच "विदाउट हॅम" सांगा. वांग्याचा पार्मा काही ठिकाणी मिळतो, पण तोही त्याच तेलात तळलेला असू शकतो.

आईंना चालण्याजोगं : भाज्या घातलेला रिसोटो (इटालियन पद्धतीचा मऊ भात; स्टॉक विचारून), टोमॅटोचा पास्ता, ओव्हनमध्ये भाजलेला भोपळा, मार्गरिटा पिझ्झा. अंडं अजिबात चालत नसेल तर पास्ता ताजा आहे की सुका हे विचारा, ताज्यात बहुधा अंडं असतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोन कधी करायचा. दुपारी तीन ते पाचच्या मधे. जेवणाची गर्दी संपलेली असते, शेफ स्वतः बोलू शकतो. रविवारी दुपारी साडेबाराला काउंटरवरच्या एकोणीस वर्षांच्या मुलीला फ्रायर विचारलात तर ती बिचारी "हो" म्हणेल, कारण मागे वीस लोक उभे असतात. तुमच्या बर्गरचंही तेच झालं असणार, डॉकेटवर (ऑर्डरच्या चिठ्ठीवर) बदल नीट लिहिला गेला नाही आणि ग्रिलवरच्या माणसाने सवयीने बेकन ठेवलं. पण बेकन उचलून तोच पाव परत पाठवणं याला माझ्याकडे बचाव नाही. आमचा शेफ असता तर त्याने ताट फेकून नवं करायला लावलं असतं.

आणि किचन मधे बंद होतं, बहुतेक अडीच ते साडेपाच. वेळ बघून जा. रविवारी सरचार्ज (जादा आकार) असू शकतो, तो पाटीवर लिहिलेला असतो. टिप द्यायची सक्ती नाही.

पश्चिमवारा
किचनमधून, हा प्रतिसाद जपून ठेवण्याजोगा. पंधरा वर्षं इथे राहून चिप्सचं मला माहीत नव्हतं. सौ.ला आज सांगायची हिंमत करतोय.

हिरवी_मिरची
आमच्याकडच्या पबमध्ये शुक्रवारी मीट रॅफल, म्हणजे मांसाची सोडत असते. मी शाळेला मदत म्हणून दोन तिकिटं घेतली आणि नेमका आमचाच नंबर लागला. चार किलो मांसाचा ट्रे, आणि घरात आम्ही दोघं शाकाहारी! शेजारच्या काकांना दिला. तेव्हापासून ते दर पंधरा दिवसांनी लिंबांची पिशवी दाराशी ठेवतात. दोन वर्षं लिंबू विकत आणलेलं नाही, लोणचं मात्र तीनदा घातलं. त्यातली एक बरणी आता त्यांच्या फ्रीजमध्ये असते.

यारातीरी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल साडेतीनला फोन केला. शेफने स्वतः घेतला. फ्रायर एकच आहे, असं त्याने सरळ सांगितलं, आणि आईसाठी भोपळ्याचा रिसोटो भाजीच्या स्टॉकमध्ये वेगळ्या भांड्यात करतो म्हणाला. पोकीज आहेत का विचारलं, नाहीत. एकटा_जीव, तुमच्यामुळे विचारलं.

केक घरून नेला तर चालेल का, कुणाला माहीत आहे?

चिंगी
चालतो बहुतेक, पण कापायचे-वाढायचे माणशी काही डॉलर घेतात. केकेज म्हणतात. आधी विचारा.

यारातीरी
(सोमवार सकाळ)
जाऊन आलो. सविस्तर लिहिते, कारण इतक्या लोकांनी वेळ दिला.

बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून अकरापासून तयार होते. आत गेल्यावर त्यांनी आधी भिंत बघितली, मृद्गंधा! कमरेपर्यंत हिरव्या फरशा. मी सहाच्या नियमाची गोष्ट सांगितली, तर म्हणाले, "म्हणजे कारखान्याच्या भोंग्यासारखंच." ते स्वतः साखर कारखान्यात होते, त्यांना लगेच पटलं.

ऑर्डर द्यायला मी बाबांनाच काउंटरवर घेऊन गेले. नंबराचा स्टँड त्यांनी दोन्ही हातांत धरून आणला आणि टेबलाच्या बरोबर मध्यभागी ठेवला. आईचा रिसोटो घेऊन शेफ स्वतः बाहेर आला, त्यात काय काय आहे ते सांगितलं. आई अख्खं ताट जेवली. बाहेर गेल्यावर आई अख्खं ताट जेवते हे मी वर्षानुवर्षं पाहिलेलं नाही. बाबांनी मासे आणि चिप्स घेतले. मुलगी बागेत दुसऱ्या मुलांबरोबर खेळत होती. केकचे पैसे घेतले नाहीत.

एक गोष्ट मनाला लागली. शेजारच्या टेबलावर एक आजोबा एकटे जेवत होते. समोरच्या खुर्चीवर त्यांनी बायकोची टोपी ठेवली होती. बाबांनी केकचा तुकडा नेऊन दिला. बाबांचं इंग्रजी बेताचं, त्यांचे उच्चार मला कळत नव्हते, पण दोघं अर्धा तास बोलत होते. दर रविवारी ते आणि त्यांची बायको याच टेबलावर बसायचे, एवढं मला कळलं. बाबांना आणखी किती कळलं माहीत नाही. परत येताना ते काही बोलले नाहीत.

आणि चहा! बिस्ट्रोच्या कोपऱ्यात गरम पाण्याचा पिंप, टी-बॅग, साखर, दूध, आपला आपण करून घ्यायचा. बाबांनी तीन वेळा घेतला. बुधवारी दुपारी सीनिअर्ससाठी स्वस्त जेवण असतं, त्याची पाटी त्यांनी वाचून ठेवली आहे. ते आजोबाही बुधवारी असतात म्हणे.

बंड्या४२
बाबांना पंचाहत्तरीच्या शुभेच्छा. आमच्या पबचे आजोबा आणि तुमचे आजोबा एकदा भेटवायला हवेत.

एकटा_जीव
वाचून बरं वाटलं. त्या हॉटेलचं नाव मला निरोपात कळवा. मी चाळीस मिनिटं लांब राहतो, पण येईन.

यारातीरी
@किचनमधून, एक शेवटची शंका. टी-बॅगचा चहा आईला फिका लागला. बुधवारी ती घरून आलं-वेलचीची पूड नेऊ का विचारतेय. चालेल ना?

किचनमधून
पूड चालेल. दूध थंड असतं, ते काउंटरवर गरम करून मागा, देतात. आणि त्या आजोबांनाही एक कप करून द्या.